तीन शब्दांचं इंग्रजी

घरसामान हलवणाऱ्या त्या कंपनीत त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. हमाल त्याला ‘बिघडेल’ म्हणत. त्याला येणारं सगळं इंग्रजी तीन शब्दांत आटोपायचं. ते शब्द होते ‘नो बिग डील’, आणि ते तो इतक्या घाईने उरकायचा की पाठीवर खोकं घेऊन जिना उतरणाऱ्याला ‘नो बिघडेल’ असंच ऐकू यायचं. रोज काही ना काही बिघडायचंही, त्यामुळे नाव एकदा चिकटलं ते सुटलं नाही.

हे इंग्रजी त्याला एका घरात पडलेलं मिळालं. तेव्हा तो साधा हमाल होता. एका तरुण बाईचं घर हलवताना त्याच्या हातून काचेचं मोठं भांडं निसटलं आणि फरशीवर त्याचा चुरा झाला. आता शिव्या बसणार म्हणून तो मान खाली घालून, खांदे आवळून उभा राहिला. बाईने तुकड्यांकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, ‘नो बिग डील’ म्हणाली आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली. भांडं फुटलं आणि त्याचा जीव मात्र भांड्यात पडला.

खाली येऊन त्याने ट्रकच्या ड्रायव्हरला अर्थ विचारला.

“म्हणजे त्यात काय एवढं, सोडून द्या,” ड्रायव्हर म्हणाला.

तीन शब्दांत माणसाची सुटका होते, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. एक बारीकशी गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नाही. भांडं त्या बाईचं होतं, म्हणून सोडून देणं तिच्या हातात होतं. याने ते शब्द उचलले आणि उलटे धरले. पुढच्याच घरी कपाटाचा आरसा तडकला, तेव्हा मालकीणबाई तोंड उघडायच्या आत हाच हसून म्हणाला, “नो बिग डील, मॅडम!”

आणि गंमत म्हणजे ते चाललं. ‘त्यात काय एवढं’ असं मराठीत म्हटलं असतं तर बाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. मराठीत माणूस बेधडक भांडतो. समोरून इंग्रजी आलं की आधी अर्थ लावतो, मग आपल्याला कळलं हे दाखवतो, मग आपण एवढ्यातेवढ्याला रडणारे नाही हेही दाखवतो, आणि एवढी सगळी कसरत होईपर्यंत राग निवून जातो. बाई म्हणाल्या, “हो, तसं काही नाही म्हणा.” नंतर त्या बराच वेळ त्या तड्यावरून बोट फिरवत बसल्या होत्या, पण तोवर ट्रक निघून गेला होता.

मालकाच्या नजरेतून हे सुटलं नाही. मालकाचा धंदा सामान हलवण्याचा होता, पण त्याची डोकेदुखी होती मोडलेल्या सामानाची. बिघडेलच्या पाठीवरचा ओझ्याचा पट्टा उतरला, अंगात इस्त्रीचा शर्ट आला आणि कुणाचं काही फुटलं की त्याच्या घरी जाऊन गोड बोलायचं, हे त्याचं काम ठरलं. तो त्यात तयार झाला. मान थोडी कलती करायची, फुटलेला तुकडा दोन बोटांनी झाडाचं पान उचलावं तसा उचलायचा, उजेडात धरून बघायचा आणि मग ते तीन शब्द सोडायचे. लोक भरपाईचं नाव काढायला लाजायचे.

एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या भिंतीवरचा फोटो खोक्यात उभा ठेवायचा तो आडवा ठेवला गेला. काच फुटून टोक थेट फोटोत घुसलं, नेमकं नवऱ्याच्या तोंडावर. दुसरा फोटो नव्हता. याने नेहमीसारखी मान कलती केली. म्हातारीने त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमचा नव्हता ना, म्हणून.” हे वाक्य त्याने संध्याकाळी हमालांना म्हातारीचा आवाज काढून ऐकवलं. सगळे हसले. सगळ्यांत जास्त तोच हसला.

घरीही तेच. बायकोच्या हातावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा हा दारातून आत येत होता. हात बघून म्हणाला, “नो बिग डील, थंड पाण्याखाली धर.” ती म्हणाली, “घरात तरी मराठीत बोला.” पुढे पुढे तिने त्याला काही सांगणंच सोडून दिलं. घरात आता तक्रार नाही, याचं त्याला समाधान वाटायचं.

त्याचा एक धाकटा भाऊ होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून यानेच त्याला वाढवला होता, नाक पुसण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत. धाकटा अंगापिंडाने दणकट आणि तोंडाने मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. दादानेच त्याला कंपनीत लावला होता. त्याची बायको कपडे शिवण्याच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसायची. तीही कमीच बोलायची, पण नजर अशी की एक दोरा सुटलेला दिसला तरी हात थांबायचा.

एके दिवशी एका सराफाचं घर हलवायचं होतं. चौथा मजला, लिफ्ट बंद आणि जुन्या काळची लोखंडी तिजोरी. अशा तिजोरीला सहा माणसं लागतात. त्या दिवशी चारच होती, दोघं दुसऱ्या घरी अडकली होती. त्या दिवशी मुकादम आजारी म्हणून मालकाने बिघडेललाच देखरेखीला पाठवलं होतं.

ड्रायव्हर म्हणाला, “दुपारपर्यंत थांबू. ती दोघं येतील.”

“दुपारी ट्रक दुसरीकडे हवाय मालकाला.”

“अरे, जिन्याचं वळण बघितलंस का?”

“चौघं पुरेत. नो बिग डील.”

उतरताना खालची बाजू सगळ्यांत दणकट माणसाची असते. धाकटा न सांगताच खाली जाऊन उभा राहिला. पहिले दोन जिने नीट पार पडले. पुढच्या वळणावर वरचा पट्टा सरकला, तिजोरी कोपऱ्यावर कलंडली आणि धाकट्याचा उजवा पाय तिजोरी आणि भिंत यांच्यामध्ये धरून खाली बसली.

तो ओरडला नाही. घशातून नुसता हवा गेल्यासारखा आवाज आला. तिघांनी जीव खाऊन जोर लावला, पण तिजोरी तसूभर हलेना. ड्रायव्हर बाकीच्या दोघांना आणायला धावला. बिघडेल पायरीवर बसला, भावाचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांना यायला इतका वेळ लागला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा वर येऊन चहा विचारला.

“दादा, पाय कळत नाहीये मला.”

“कळेल, कळेल.”

“आधी दुखत होता. आता काहीच नाही.”

“मग बरंच आहे की. नो बिग डील.”

धाकट्याने डोळे मिटून मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

सहा जणांनी तिजोरी उचलली तेव्हा मालकही येऊन पोहोचला होता. त्याने बिघडेलला जिन्याखाली बाजूला घेतलं. आवाज अगदी घरच्यासारखा. “कामावर झालं म्हटलं की चौकशी लागेल. चारच माणसं का लावली, कुणी लावली, सगळं निघेल. मी तुझं नाव कशाला येऊ देईन? पण विचारलं तर मला खरं सांगावं लागेल ना. तू त्याला समजाव. समजवण्यात तुझा हात कोण धरणार?”

गाडीत भावाचा हात हातात घेऊन त्याने समजावलं. घरी कपाट पडलं म्हणायचं. प्लास्टर घालतील, महिनाभर आराम, मालक सगळं बघणार आहे. धाकट्याने एकच विचारलं, “तुला त्रास होईल का, खरं सांगितलं तर?”

“थोडा होईल.”

“मग कपाटच सांगू.”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “किती वेळ दबलेला होता पाय?” याचं उत्तर गाडीत ठरलं नव्हतं. धाकट्याने दादाकडे बघितलं. दादाच बोलला. “लगेच काढला साहेब. दोन मिनिटंसुद्धा नसतील.” बोलताना त्याची मान सवयीने कलती झाली होती.

हाड मोडलंय म्हणून पाय बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं काळीनिळी पडली होती. मोठे डॉक्टर आले, त्यांनी पट्टी उघडली आणि कुणाशी न बोलता बाहेर गेले. त्याच दिवशी पाय गुडघ्याच्या वर कापला.

धाकट्याच्या बायकोला डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, “बाई, दोन मिनिटांत असं होत नाही. बराच वेळ दबून राहिला तर पाय आतून मरायला लागतो. आम्हाला ठाऊक असतं तर त्याच दिवशी उघडून मोकळा केला असता. वाचलाच असता असं छातीठोक सांगत नाही. पण संधी होती.”

ती सरळ बाकावर बसलेल्या दिराकडे आली.

“भाऊजी, किती वेळ अडकला होता?”

“काय?”

“पाय.”

“अगं, आता ते उगाळून काय उपयोग? त्याच्यासमोर हे काढू नकोस, खचेल तो.”

“मी किती वेळ विचारलं.”

त्याने इकडेतिकडे बघितलं. “बराच,” तो म्हणाला.

तिने मान डोलावली. मग नळावर गेली, पाण्याची बाटली विसळली, भरून घेतली आणि नवऱ्याकडे गेली. त्यानंतर ती दिराशी बोलत नव्हती असं नाही. चहा घेणार का, डबा आणलाय का, दार लोटून घ्या, एवढं बोलायची.

धाकटा शुद्धीवर आला तेव्हा बिघडेल खाटेशी उभा होता. चादर एका बाजूला पावलापर्यंत उंच होती आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्यातच सपाट झाली होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माणसाच्या तोंडात जे रोज असतं तेच वेळेला बाहेर येतं. “नो बिग डील,” तो म्हणाला. “हल्ली पायसुद्धा मिळतात.”

धाकट्याने तोंड भिंतीकडे केलं.

मालक शब्दाचा पक्का निघाला, निदान स्वतःला परवडेल तेवढा. धाकटा कुबड्यांवर उभा राहू लागला तेव्हा त्याला गोदामाच्या पुढच्या ऑफिसात खुर्ची मिळाली. फोन घ्यायचा आणि येईल त्याला बसवून घ्यायचं, एवढंच काम. बिघडेल गावभर सांगत सुटला, मी शब्द टाकला म्हणून झालं.

एके दिवशी एक लालबुंद झालेला माणूस ऑफिसात घुसला. त्याच्या संगमरवरी टेबलाचे दोन तुकडे झाले होते. दारातूनच त्याने सुरुवात केली. चोर आहात, लुटारू आहात, एकेकाला बघून घेतो. धाकटा रीतीप्रमाणे उठायला गेला. कुबडी घसरली, टेबलाला धरून तो सावरला आणि एका पायावर उभा राहिला. पँटची दुसरी बाजू दुमडून पिनेने वर लावलेली. त्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

“बसा, बसा. तुम्ही कशाला उठलात?”

“नाही, तुम्ही बोला ना.”

“काही नाही हो. टेबलच आहे शेवटी.” मग घुटमळून त्याने विचारलं, “कसं झालं हे?”

“कपाट पडलं. घरी,” धाकटा म्हणाला.

तो माणूस चहा न घेता गेला. जाताना दार हळू लावून गेला.

काचेच्या केबिनमधून मालक हे सगळं बघत होता. त्या दिवसापासून फिर्यादी माणसाच्या घरी बिघडेलला धाडणं कमी झालं. फोनवर सांगितलं जायचं, ऑफिसला या, समोरासमोर बोलू. लोक तावातावाने यायचे आणि मान खाली घालून परत जायचे. धाकट्याला काही बोलावंसुद्धा लागायचं नाही, फक्त उठावं लागायचं. बिघडेलला यात कसलाच धोका दिसला नाही. उलट तो हमालांना म्हणायचा, “बघा, आमच्या घराण्यातच आहे ती कला.”

धाकट्याची बायको स्वस्थ बसलेली नव्हती. कुठलीशी संस्था कृत्रिम पाय बसवून देते असं तिने कारखान्यात ऐकलं. सुट्टीच्या दिवशी खेटे घालून, ओळखी काढून, कुणाकुणाच्या दारात तासन् तास उभं राहून तिने तो पाय मिळवला. रंग धाकट्याच्या रंगापेक्षा चांगलाच उजळ होता. अपघातानंतर तो पहिल्यांदा हसला तो ते बघून. “एक पाय गोरा झाला माझा,” तो म्हणाला. खाटेपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत तो रोज चालायचा. मांडीला घट्टे पडले, सोलली, परत घट्टे पडले. शेवटी एक दिवस तो कुबडी न घेता, पँटच्या दोन्ही बाजू सरळ सोडून, ऑफिसात चालत आला.

त्या दिवशी आलेल्या बाईने त्याला इतकं झोडपलं की आवाज गोदामाच्या मागच्या दारापर्यंत गेला. आरामखुर्चीचा हात मोडला होता फक्त. धाकट्याचा चेहरा मात्र फुललेला होता. कुणीतरी त्याच्यावर चारचौघांसारखं ओरडलं होतं.

मालकाने बिघडेलला केबिनमध्ये बोलावलं.

“भाऊ चालतोय, आनंद आहे. पण ऑफिसात कशाला? दिवसभर बसूनच तर असतो.”

“म्हणजे, पाय काढून…”

“मी कुठे काय म्हणतोय? तू मोठा भाऊ. तूच बघ. खुर्ची त्याला मी काय बघून दिली हे तुला कळत नसेल तर मग अवघड आहे.”

त्याच संध्याकाळी तो भावाकडे गेला. भावजय कामावरून यायची होती, हे धरूनच गेला होता. धाकटा दारापर्यंत चालत आला, दादाने बघावं म्हणून मुद्दाम दोन पावलं जास्त टाकली.

“झकास,” बिघडेल म्हणाला. “पण ऐक. ऑफिसात नको घालू तो.”

“का?”

“अरे, मांडी सोलते ना तुझी. तिथे बसायचंच काम. घरी घाल, रस्त्यात घाल. आत आलास की काढून ठेव.”

“मालक म्हणाला?”

“मालक कशाला म्हणेल? मीच म्हणतोय.”

धाकटा खाटेवर टेकला. त्याने त्या उजळ पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “दादा, मी पाय काढून बसलो की लोक माझ्याकडे बघतात आणि त्यांचं जे काही मोडलंय ते विसरतात. मला ते बघवत नाही रे. त्यांची काय चूक?”

“फार विचार करतोस. बघतात तर बघू दे. नो बिग डील.”

“तू म्हणशील तसं,” धाकटा म्हणाला. लहानपणापासून तो हेच म्हणत आला होता. पण या वेळी तो दादाला दारापर्यंत सोडायला उठला नाही.

मग रोज सकाळी धाकटा चालत यायचा, मागच्या गोदामात जायचा, पट्टे सोडायचा आणि कुबड्यांवर पुढे यायचा. पाय एका रिकाम्या खोक्यात, कागदाच्या कातरणात ठेवायचा. खोक्यावर आधीचाच मजकूर होता, ‘काच. जपून.’ हमालांना हसायला तेवढं पुरलं.

धंदा सुरळीत झाला आणि मग मालकाला हिशोब सुचला. बिघडेलला त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, “लोकांच्या घरी जायचं काम आता उरलं नाही. गाडीवर माणूस कमी पडतोय. पाठ चांगली आहे तुझी अजून.”

“मालक, मी किती वर्षं उचललं नाही काही.”

“सवय होईल. पूर्वी करतच होतास की.”

त्याने तोंड उघडलं. ज्यांच्यावर त्याचं सगळं आयुष्य चाललं होतं ते तीन शब्द मालकाला ऐकवण्यासारखे नव्हते, आणि दुसरं बोलणं त्याला जमत नव्हतं. तो बाहेर आला. मुकादमाने त्याच्या खांद्यावर पट्टा टाकला तेव्हा हमालांनी एका सुरात ‘नो बिघडेल!’ असा गजर केला.

चाळिशी ओलांडलेलं, इस्त्रीच्या शर्टात मऊ पडलेलं अंग. पहिल्या आठवड्यात गुडघे सुजले, दुसऱ्या आठवड्यात कंबर धरली. उतरताना त्याला खालची बाजू द्यायची, असं हमालांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या हातून सामान फुटू लागलं. ज्यांचं फुटायचं ते ऑफिसात जायचे, आणि थोड्या वेळाने धाकट्याची क्षमा मागून परत जायचे. एकदा मागच्या दारातून बिघडेलने एका गृहस्थाला म्हणताना ऐकलं, “तुमच्याकडे बघून माझी मलाच लाज वाटली.” तो गृहस्थ जिच्यासाठी आला होता ती शिवणयंत्राची पेटी याच्याच खांद्यावरून पडली होती. आपण आत जाऊन काही बोलावं असं त्याला वाटलं. पण मुकादमाने हाक मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काजं करायची मशीन बंद पडली म्हणून धाकट्याच्या बायकोला दुपारीच सुट्टी मिळाली. नवऱ्याला सोबत घेऊन घरी जावं म्हणून ती ऑफिसात आली. आत एक बाई डोळे पुसत उभी होती. तिच्या बाळाचा पाळणा वाकला होता आणि ती धाकट्याला म्हणत होती, “नाही, नाही, माझंच चुकलं, मी उगाच आले.” धाकटा एका पायावर उभा होता. बायकोला बघताच तो घाईघाईने बसला.

“पाय कुठे आहे?” तिने विचारलं.

त्याने डोळ्यांनीच गोदाम दाखवलं. इतके दिवस तिला वाटत होतं की तो पाय लावूनच काम करतो.

ती मागे गेली. गोदामात छतापर्यंत खोकी. बिघडेल तिथेच होता, कमरेला हात लावून. त्याला बघून ती थांबली, पण विचारलं काहीच नाही. एकेक खोकं उघडायला लागली. चार-पाच खोकी झाल्यावर त्यानेच हात करून दाखवलं.

“ते. कोपऱ्यातलं.”

तिने खोक्यावरची अक्षरं वाचली. पाय बाहेर काढला, त्याला चिकटलेली कातरणं पदराने झाडली आणि तो काखेत मारून पुढे आली. मालकाच्या काचेसमोर, त्या पाळण्यावाल्या बाईसमोर, ती नवऱ्यापुढे जमिनीवर बसली, पिना काढल्या, पट्टे आवळले, पँट सरळ केली. धाकटा तिच्या खांद्यावर हात ठेवून उठला.

मालक बाहेर आला. “काय झालं? काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. मग त्या बाईकडे वळून म्हणाली, “ताई, पाळण्याची भरपाई या मालकांकडून घ्या.” आणि दोघं दाराबाहेर पडली. बाहेरच्या पायऱ्या धाकटा एकटा उतरला.

आठवड्याभरात त्यांनी घर सोडलं. तिने दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारखान्यात काम बघितलं होतं. टेम्पो दुसऱ्याच कंपनीचा आणला. बिघडेलला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन गेला आणि न विचारता सामान उचलायला लागला. खाट उतरवली, गाद्या उतरवल्या, शेगडी उतरवली. भावजय जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. तो भांड्यांच्या पेटीकडे वळला की म्हणायची, “ते राहू द्या, मी घेते.” आरशाकडे वळला तेव्हा तिने आरसा आधीच हातात घेतलेला होता.

धाकटा खाली स्टुलावर बसला होता. बिघडेल घाम पुसत त्याच्याजवळ उभा राहिला. 

“दादा, एक विचारू?”

“विचार की.”

“ती तिजोरी. शेवटी उतरवली कुणी?”

“त्या सहा जणांनीच. संध्याकाळी.”

“मग दुपारी ट्रक हवा होता तो?”

“तो दुसऱ्या दिवशी गेला,” बिघडेल म्हणाला. “त्या दिवशी नाही गेला तरी चाललं.”

“हं,” धाकटा म्हणाला.

तो उठला, टेम्पोच्या दांड्याला धरून आधी चांगला पाय वर टाकला, मग दुसरा हाताने ओढून आत घेतला. बिघडेलने हात पुढे केला होता. तो हात धाकट्याला दिसला नाही, किंवा दिसला असेल. भावजयीने आतून दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली खुर्ची रिकामी होती. बिघडेलने घरून निघताना इस्त्रीचा शर्ट घातला. आता आपल्याशिवाय मालकाला कोण आहे, असा विचार करत तो केबिनमध्ये गेला.

“मालक, ती जागा मी सांभाळतो.”

मालकाने मान वर करून त्याला निरखलं. डोक्यापासून सुरुवात केली आणि सावकाश खाली आला. दोन हात, दोन पाय, धड तोंड.

“तुझ्याकडे आहे काय दाखवायला?” त्याने विचारलं.

चेष्टेने विचारलं नव्हतं. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता. आपल्या अंगात काय मोडलंय हे बिघडेल शोधू लागला. गुडघे होते, कंबर होती, पण त्यातलं बाहेरून दिसणारं काही नव्हतं.

“कंबर दुखते माझी,” तो अखेर म्हणाला.

“कंबर कुणाला दिसते?” मालक म्हणाला आणि फोन फिरवायला लागला.

पुढच्या आठवड्यात मालकाने आपल्या दूरच्या नात्यातली एक म्हातारी आणून त्या खुर्चीवर बसवली. तिचे दोन्ही हात सारखे थरथरायचे. गिऱ्हाइकाला पाण्याचा पेला द्यायला गेली की अर्धं पाणी टेबलावर सांडायचं, आणि गिऱ्हाईकच उठून फडकं शोधायचं. काम छान चाललं. फोन मात्र तिच्या हातात राहत नसे. म्हणून गाडी बाहेर नसेल तेव्हा बिघडेलने तिच्या शेजारी उभं राहून तो तिच्या कानाला लावून धरायचा, असं ठरलं. पलीकडून कुणी ओरडत असलं की ते त्यालाही स्वच्छ ऐकू यायचं. तो काही बोलायचा नाही. बोलायचं काम म्हातारीचं होतं.

गाडी आली की मुकादम हाक मारायचा, आणि तो फोन जागेवर ठेवून पट्टा उचलायचा.